नाव नोंदवण्याआधीचे तीन महिने

बाईला दिवस गेल्याचे घराला कळते ते पाळी चुकल्यावर, आणि सरकारला कळते ते आशाताईंच्या वहीत नाव चढल्यावर. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मात्र गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून जाते, म्हणजे पाळी चुकल्यापासून जेमतेम दोन आठवड्यांत. पुष्कळ घरांत तोवर नुसता संशयच असतो. फॉलिक अ‍ॅसिडची पहिली गोळी हातात पडेपर्यंत, ज्या कामासाठी ती हवी होती ते काम उरकून गेलेले असते. मूल हवे असलेल्या जोडप्याने आधीपासून काय खावे, काय सोडावे, यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत देशात आणि परदेशात बरेच संशोधन झाले. त्याची सगळी निकड या एका गोष्टीत आहे. अकोले तालुक्याच्या चुलीपाशी बसून ते संशोधन वाचले, तर त्यातले काय उपयोगी पडते आणि काय पडत नाही, हे जास्त स्पष्ट दिसते.

अकोल्यात दोन तालुके नांदतात, असे म्हटले तरी चालेल. पूर्वेकडे प्रवरेचे पाणी, ऊस, टोमॅटो, गोठे आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीवरची रांग. पश्चिमेकडे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्या. तिथे पावसावरचा भात, नागली, वरई, खुरासणी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, पण त्याच डोंगरांतल्या कितीतरी वाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका अजून डोक्यावर पाणी वाहतात. दोन्हीकडचे ताट वेगळे. नव्या सुनेचे ताट मात्र दोन्हीकडे शेवटीच वाढले जाते.

सगळ्यात पक्का पुरावा फॉलिक अ‍ॅसिडचाच आहे. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांतल्या स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचे व्यंग असलेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. तेव्हापासून जगभर एकच सल्ला दिला जातो: मूल हवे असे ठरवले त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि दिवस गेल्यावर पहिले तीन महिने. आधीच्या बाळाला असे व्यंग असेल किंवा आईला फिट्सचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टर ठरवतात आणि ती बरीच मोठी असते. चालू औषध मात्र आपल्या मनाने थांबवायचे नसते. ही गोळी स्वस्त आहे. मेथी, शेपू, हरभऱ्याची भाजी, मूग-मटकी यांत फोलेट असते, तरी एवढ्या एका बाबतीत पालेभाजीवर भागवू नये, गोळी घ्यावीच.

लोहाचे तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुली गर्भधारणेला सुरुवातच रित्या कोठारातून करतात. गर्भ राहिल्यावर लोहाची गरज एवढी वाढते की नऊ महिन्यांत ही तूट भरून काढणे फार अवघड जाते. २०१८ च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर नसलेल्या २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीही आठवड्याला एक गोळी आहे: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. ही तरतूद घरोघरच्या सुनांना आणि सासवांना माहीत असायला हवी. ती मागून घ्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

गोळीच्या पलीकडे, खऱ्या ताटातल्या अन्नाने काय होते? याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि तीही गरोदर होण्याआधीपासून. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. त्यांनी एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली, याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ लागला नाही. मेळ लागला तो पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात येते याच्याशी. पोट भरण्याइतकी भाकरी होती. भाकरीबरोबर काय होते यावर बाळाचे वजन ठरत होते. याच अभ्यासात शोभा राव यांनी दाखवले की शेतातले जड काम, पाणी आणणे, सरपण यांचा भार जिच्यावर जास्त, तिचे बाळ लहान. हा निष्कर्ष मला आहाराच्या निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण आहाराच्या तक्त्यांत विश्रांतीला कधी जागा मिळत नाही.

दुसरा प्रयोग मुंबईचा. २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ६,५१३ स्त्रियांना दोन गटांत वाटले. एका गटाला रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला समोसा-भजीसारखा पदार्थ, दुसऱ्या गटाला बटाट्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. खायला सुरुवात गर्भधारणेच्या आधीपासून. सगळ्यांचे आकडे एकत्र धरले तेव्हा बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. पण ज्या स्त्रियांनी किमान ९० दिवस आधीपासून खाल्ले होते, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. गरोदरपणातला मधुमेहही पोषक पदार्थ खाणाऱ्या गटात कमी आढळला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांच्या आसपास तर यांच्यात सुमारे ७ टक्के.

मन अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. हा फायदा अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांच्या बाळांना झाला. सगळ्यात किडकिडीत स्त्रियांच्या बाळांना झाला नाही. याचे कारण अजून वादाचे आहे. मला त्यातून एवढे कळते की जिला मुळात पोटभर मिळत नाही, तिला एक पौष्टिक लाडू देऊन आपले कर्तव्य संपत नाही. दीड मीटर उंचीच्या मुलीचे वजन साडेएक्केचाळीस किलोंच्या खाली असेल तर तिला आधी वजन वाढवायला हवे, आणि त्याला महिने लागतात. दिल्लीच्या गरीब आणि मध्यम वस्त्यांत १३,५०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. तिथे अन्न, गोळ्या, तपासण्या, स्वच्छ पाणी आणि मानसिक आधार असे सगळे एकत्र दिले. ज्यांना हे गर्भधारणेआधीपासून मिळाले त्यांच्यात कमी वजनाची बाळे कमी झाली. एकेकटा घटक देणे आणि सगळे मिळून देणे, यांत एवढे अंतर आहे.

आता अकोल्याचे ताट. पश्चिम पट्ट्याला बाहेरून काही आणण्याची गरज नाही, असे मी पुराव्यानिशी म्हणू शकतो. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नागली आंबवून आंबील केली किंवा मोड आणून दळली, की तिच्यातले लोह अंगी जास्त लागते. हुलग्याचे शेंगोळे, वालाचे कालवण, उडीद, खुरासणीची चटणी, सुकट, ओढ्यातले खेकडे आणि मासे, पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी, करटुली, शेवळे, चाईचा मोहोर. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात हे नसते. तिथे बदाम, ब्रोकोली आणि अ‍ॅव्होकॅडो असतात. ते वाचून गावातल्या मुलीला वाटते की चांगले मूल व्हायला पैसे लागतात. हा समज खोडून काढला पाहिजे.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे काम इथे आठवते. घरातले नातवंड आजारी पडल्यावर औषधे मारलेल्या, विकतच्या बियाण्याच्या भाजीवरून त्यांचे मन उडाले आणि त्यांनी जुने गावठी वाण जमवायला घेतले. बाएफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी राहिली, वालांचे आणि भातांचे कितीतरी वाण टिकले, गावोगावच्या बायकांकडे परसबागेची बियाणी पोचली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांचे काम वाण जपण्याचे म्हणून गाजले, पण पुण्याच्या सहा खेड्यांतला निष्कर्ष हाताशी धरून पाहिले तर ते आईच्या पोषणाचेही काम आहे. दाराशी भाजी असली की ती बाजाराच्या दिवसावर आणि नवऱ्याच्या खिशावर अवलंबून राहत नाही. एक वाफा मेथी-शेपूचा, एक वेल वालाचा, एक शेवगा, सांडपाण्यावर दोन पपया आणि एक केळ, एवढ्यावर एका घरातल्या सुनेची निम्मी भाजी निघते.

अडचण उन्हाळ्याची आहे. रानभाजी पावसाळ्याची, होळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. जुन्नर-नारायणगावच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या जोडप्याचे जेवण म्हणजे भात, पातळ डाळ, मिरचीचा ठेचा आणि चहा. लग्नसराईनंतरचे पहिले महिने नेमके हेच. म्हणून उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेला शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, भाजलेले हरभरे-शेंगदाणे-गूळ आणि सुकट यांचे मोल जास्त. मजुरीच्या गावी अंडे मिळते. रोज एक अंडे हा अशा घराला परवडणारा सगळ्यात चांगला खर्च आहे.

पूर्वेकडच्या घरांची अडचण निराळी. गोठ्यात दोन-चार गायी, आणि घरात मात्र चहापुरते दूध. बाकीचे डेअरीला. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. तालुक्यात माळकरी घरे पुष्कळ. त्यांच्या ताटात मांस-मच्छी-अंडे येणार नाही, आणि यायला हवे असा आग्रहही कोणी धरू नये. मग दूध, दही, ताक हाच मार्ग उरतो. रोज अर्धा लिटर दूध सुनेच्या आणि मुलींच्या नावाने घरात ठेवायचे, हा निर्णय स्वयंपाकघरात होत नाही. तो डेअरीचा पगार ज्याच्या हाती पडतो त्याने करायचा असतो. ब-१२ ची तपासणी करून कमी असेल तर गोळी घ्यावी. नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिले आणि ब-१२ कमीच राहिले, तर रक्ताचा दोष झाकला जातो आणि नसांना इजा होत राहते.

चहाविषयी थोडे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा भाकरी-भाजीतले लोह अंगी लागू देत नाही. तास-दीड तास मागे-पुढे घ्यावा. त्याऐवजी जेवणाबरोबर लिंबू, आवळा, कैरी असले काही घेतले तर लोह जास्त शोषले जाते. दिवसाला दोन-तीन कप चहाने गर्भधारणेला धोका असल्याचा पुरावा नाही.

मशेरीचे मात्र तसे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका अभ्यासात १,२१७ स्त्रियांचा मागोवा घेतला होता. धूर न निघणारा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात जास्त. त्यांतल्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या होत्या. वर सांगितलेल्या पौष्टिक पदार्थाने ४८ ग्रॅम मिळवले आणि मशेरीने त्याच्या दुपटीहून जास्त घालवले, असे हे गणित बसते. दोन वेगळ्या अभ्यासांचे आकडे असे शेजारी ठेवणे शास्त्राला पूर्ण धरून नाही, पण वजन कुठल्या बाजूला आहे ते त्यातून कळते. मशेरी हे आपल्याकडे व्यसन मानलेच जात नाही; सासू लावते, सून शिकते. गर्भ राहिल्यावर सोडू म्हणणाऱ्यांतल्या फार थोड्या जणींना ती सुटते, म्हणून आधीच सोडायला हवी.

एवढे सगळे बाईविषयी झाले, कारण संशोधनही बहुतेक बाईविषयीच झाले. आपल्या गावांतही मूल होत नाही म्हणून नवस, दवाखाना, दोरे-गंडे सगळे तिच्याच वाट्याला. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा इतर कारणांबरोबर असते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, शिवाय पुढच्या प्रवासाचे काही दिवस. आज तंबाखू सोडली, दारू सोडली, तर फरक अडीच-तीन महिन्यांनी दिसतो. म्हणजे तयारीचे तीन महिने दोघांचेही आहेत. तंबाखू, विडी, गुटखा, दारू आणि कीटकनाशके या पाच गोष्टी अकोल्याच्या तरुण पुरुषाच्या बाबतीत खऱ्या महत्त्वाच्या. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींचे औषध तयार करणाऱ्या कारखान्यातले कामगार आपल्याला मुले होत नाहीत म्हणून बोलू लागले आणि तपासणीत त्यांच्या वीर्यात शुक्राणू फारच थोडे किंवा मुळीच नसल्याचे दिसले. ते औषध पुढे बंद झाले. आज टोमॅटोवर मारली जाणारी औषधे वेगळी आहेत. तरी पाठीवर पंप, उघडे हात, तोंडाला साधा रुमाल आणि संध्याकाळी तेच कपडे सुनेने धुवायचे, हे थांबायला हवे. हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, लगेच अंघोळ, कपडे वेगळे. पुरुषांसाठी विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांचे काय? अमेरिकेत २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिले, २०२० साली निकाल आला: मुले होण्याचे प्रमाण वाढले नाही.

वजन जास्त असण्याचा प्रश्न अकोले शहर, संगमनेर, आणि पुण्या-नाशिकला नोकरीला गेलेल्या मुलींत वाढतो आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस, सोनोग्राफीत पीसीओएस. अशा मुलींनी वजन पाच ते दहा टक्के उतरवले तरी अनेकींची पाळी नियमित होते, स्त्रीबीज सुटू लागते. सत्तर किलोच्या मुलीला साडेतीन ते सात किलो, एवढेच. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात डाळी, कडधान्ये, कमी साखर आणि वनस्पती तुपाऐवजी तेले असा आहार असणाऱ्यांत स्त्रीबीज न सुटण्याची तक्रार कमी दिसली. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून खात्री मिळत नाही, पण मैदा-साखर-बिस्किटे कमी करून भाकरी-उसळीकडे परतायला त्याची आडकाठीही नाही. उलट नेदरलँड्समधल्या चाचणीत जाड स्त्रियांचे उपचार सहा महिने थांबवून आधी वजन उतरवायला लावले, तेव्हा अखेर निरोगी बाळे जास्त झाली नाहीत, फक्त उपचाराविना गर्भ राहणाऱ्या जास्त निघाल्या. पस्तिशीकडे आलेल्या बाईला ‘आधी दहा किलो कमी करून या’ म्हणून परत पाठवणे म्हणूनच मला पटत नाही. तिचे वय वाट पाहत नाही.

अन्नाने जे होत नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. जंतुसंसर्गाने किंवा क्षयाने बंद झालेली गर्भनलिका कुठल्या पावडरीने उघडत नाही. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग आढळले होते आणि त्यांतल्या फारच थोड्या कधी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा ऐकावा. थायरॉईड, साखर, रक्तदाब, सिकलसेल, गुप्तरोगांच्या तपासण्या गर्भ राहण्याआधी होऊ शकतात आणि व्हाव्यात. आणि वीस वर्षांची व्हायच्या आत पोटात मूल असलेल्या मुलीला कुठलाच आहार पुरत नाही. तिचे स्वतःचे अंग अजून भरायचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. लग्न झाले की वर्षाच्या आत पाळणा, हा हट्ट घराने सोडणे आणि सुनेचे हिमोग्लोबिन व वजन सुधारेपर्यंत गर्भनिरोधक वापरणे, हासुद्धा गर्भधारणेच्या तयारीचाच भाग आहे.

सरकारी बाजू पाहिली तर आदिवासी भागासाठी २०१५ साली सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चांगली आहे: अंगणवाडीत दिवसातून एक वेळ ताजे, पूर्ण जेवण. पण ते गर्भ राहिल्यावरच सुरू होते आणि बाळंतपणानंतर काही महिने चालते. पुण्या-मुंबईचे पुरावे सांगतात की सुरुवात त्याच्या बरीच आधी हवी. राजूरच्या आदिवासी प्रकल्पक्षेत्रात नवविवाहितेची नोंद लग्नाच्या महिन्यातच व्हावी, तिचे वजन-हिमोग्लोबिन पाहावे, गोळी तेव्हाच सुरू व्हावी आणि कमी वजनाच्या सुनेला अमृत आहाराच्या पंगतीत गर्भ राहण्याची वाट न पाहता बसवावे. स्वयंपाक तिथे शिजतोच आहे.

दवाखान्यात कधी जायचे, याचे नियम सोपे आहेत. पाळी नियमित असेल तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध पुरेसे. स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस यांतच गर्भ राहतो. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर दोघांनी मिळून जावे, बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फार अनियमित असेल, क्षय होऊन गेला असेल, ओटीपोटाचे ऑपरेशन किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, पुरुषाला लहानपणी अंडकोषाचा आजार झाला असेल, तर तेवढेही थांबू नये. पहिल्याच भेटीत वीर्यतपासणी सांगून घ्यावी. ती स्वस्त आहे, सुई लागत नाही, आधी दोन ते सात दिवस संबंध टाळले की पुरते. आणि एका अहवालावर निदान करत नाहीत, सदोष आला तर पुन्हा करून पाहतात.